सांताक्रूझ, सहार, टी१, टी२: मुंबईत टर्मिनल बदलायचं आहे, आणि त्यासोबतचे काही प्रश्न

वैनगंगा

नमस्कार मंडळी. आई-बाबा (वय ७१ आणि ७६) नागपूरहून मुंबईला येतील ते टी१ वर, रात्री ८.१५ ला. त्यांचं पुढचं आंतरराष्ट्रीय विमान टी२ वरून पहाटे २.४० ला आहे. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली आहेत, एका पीएनआरवर नाहीत. सोबत चार मोठ्या बॅगा. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, फार चालवत नाही.

१. टी१ वरून टी२ ला जायचा सोपा मार्ग कोणता? नकाशात दोन्ही इमारती हाकेच्या अंतरावर दिसतात, मग सगळे अर्धा तास लागतो असं का म्हणतात?
२. भाऊ कल्याणहून भेटायला येणार आहे. लोकलने आला तर कुठे उतरायचं? जुन्या लेखांत "एअरपोर्ट रोड मेट्रो स्टेशन" लिहिलेलं सापडतं, ते बरोबर आहे का?
३. बाबा अजून "सहार" आणि "सांताक्रूझ" अशी दोन विमानतळांची नावं घेतात. ही खरंच दोन होती का?
४. मुंबईवर आल्यावर विमान पंधरा-वीस मिनिटं घिरट्या घालतं. एवढ्या मोठ्या शहराला ही अडचण का येते?

आगाऊ आभार.

---

सामानसुमान

आधी पहिला प्रश्न. साडेसहा तास ऐकायला भरपूर वाटतात, पण ते कुठे खर्च होतात ते बघा.

८.१५ ही उतरायची छापील वेळ. धावपट्टीवरून स्टँडपर्यंत (विमान उभं करायच्या जागेपर्यंत) येणं, मग दार उघडणं. व्हीलचेअर सांगितली असेल तर बाकीचे सगळे उतरल्यावर त्यांचा नंबर लागतो. मग पट्ट्यावरून चार बॅगा गोळा करायच्या. विमान वेळेवर आलं तरी बाहेर पडायला सव्वानऊ धरा.

तिकिटं वेगळी आहेत म्हणजे नागपूरच्या काउंटरवर बॅगा परदेशापर्यंत टॅग होणार नाहीत. टॅगवर बीओएम एवढंच छापलेलं असेल. ही मुंबईची तीन अक्षरी खूण, बॉम्बेवरून आलेली आणि नाव बदललं तरी तशीच राहिलेली. टी१ वर बॅगा घ्याव्याच लागतील. "सामान पुढे गेलं असेल" असं समजून ते पट्ट्यावरच सोडून लोक टी२ ला पोचतात, आणि मग आगमनाच्या भागात परत शिरायला फार त्रास होतो. निघण्याआधी आई-बाबांना टॅगचा कागद वाचायला शिकवा.

दुसरा खड्डा वजनाचा. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या माणशी १५ किलो चेक-इन सामान देतात. परदेशी प्रवासाला भरलेली एक बॅगच २३ किलोची असते. एका पीएनआरवर प्रवास असता तर आंतरराष्ट्रीय मर्यादा पूर्ण प्रवासाला लागू झाली असती. वेगळ्या तिकिटांवर नागपूरलाच जादा वजनाचे पैसे मागतील. पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यावर काही कंपन्या जास्त वजन देतात. आजच फोन करून विचारा, आणि जादा किलो लागणार असतील तर ते ऑनलाईन आधीच घ्या. काउंटरवर तेच महाग पडतं.

टर्मिनल बदलण्यासाठी तीन मार्ग आहेत. दोन्ही टर्मिनलांमध्ये विमानतळाची कोच चालते. त्यासाठी टी१ च्या आगमन भागातल्या मदत कक्षात जाऊन पुढच्या विमानाचं तिकीट दाखवायचं. दुसरा मार्ग प्रीपेड किंवा ॲपची टॅक्सी, तिसरा मेट्रो ३. हातात एक पाठपिशवी असलेल्या माणसाला मी डोळे मिटून मेट्रो सांगेन. चार बॅगा आणि दुखरे गुडघे असतील तर टॅक्सीच. मोठ्या डिकीची गाडी मागवा. मागच्या बाजूला सीएनजीची टाकी असलेल्या छोट्या टॅक्सीत चार मोठ्या बॅगा बसत नाहीत, दोन टपावर बांधाव्या लागतात.

व्हीलचेअर दोन्ही तिकिटांवर वेगवेगळी नोंदवा, किमान ४८ तास आधी. पहिल्या कंपनीचा माणूस टी१ च्या बाहेरच्या दारापर्यंत सोडतो, तिथे त्याचं काम संपतं. टी२ च्या दारावर दुसऱ्या कंपनीची व्हीलचेअर मागवावी लागते. मधला टप्पा, म्हणजे टॅक्सीत चढणं-उतरणं आणि बॅगा, कोणी सोबत असेल तरच सोपा. तुमचा भाऊ येणारच असेल तर त्याला टी२ ऐवजी टी१ च्या आगमनाला बोलवा. त्याची खरी गरज तिथे आहे.

---

भुयारी

भावाच्या मार्गाचं मी सांगतो.

कल्याणहून फास्ट लोकलने घाटकोपर. तिथून पुलावरूनच मेट्रो १ (वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर) धरायची, वर्सोव्याच्या दिशेने. जागृती नगर, असल्फा, साकी नाका, आणि चौथं मरोळ नाका. इथे उतरायचं. मरोळ नाक्याला मेट्रो १ वर खांबांवर आहे आणि मेट्रो ३ जमिनीखाली, त्यामुळे एका गाडीतून उतरून दुसरीत बसेपर्यंत बरेच जिने खाली जावं लागतं. दहा मिनिटं हाताशी ठेवा. दोन्ही मेट्रो वेगवेगळ्या कंपन्या चालवतात, म्हणून बाहेर पडून नवीन तिकीट आणि परत सामानाची तपासणी. मग मेट्रो ३ ने कफ परेडच्या दिशेला बसायचं: पहिलं स्थानक विमानतळ टी२, दुसरं सहार रोड, तिसरं विमानतळ टी१.

मरोळ नाक्याला दिशा चुकली तर एमआयडीसी, सीप्झ करत आरेकडे जाल. फलाटावर गाडीचं शेवटचं स्थानक वाचून बसा.

आता "एअरपोर्ट रोड". हे मेट्रो १ चं स्थानक, मरोळ नाक्याच्या लगेच पुढचं. ८ जून २०१४ ला मेट्रो १ सुरू झाली तेव्हापासून दहा वर्षं विमानतळाला सर्वात जवळची मेट्रो हीच होती. तिथे उतरून रिक्षा करायची, असा तेव्हाचा रिवाज. म्हणून जुन्या लेखांत तेच सापडतं. नाव "एअरपोर्ट" असलं तरी ते स्थानक विमानतळाच्या आवारात नाही, टर्मिनल तिथून चांगलंच लांब आहे. बॅग ओढत चालण्यासारखं ते अंतर नाही. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तिथे उतरायचं कारण उरलं नाही. हा सल्ला अजून फिरतो आणि रोज कोणीतरी तिथे चुकून उतरतो, याचं वाईट वाटतं.

मे २०२५ मध्ये मेट्रो ३ वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. ३३.५ किमी, २७ स्थानकं, भाडं ₹१० ते ₹७०. दादर, मुंबई सेंट्रल, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, चर्चगेट इथून आता गाडी न बदलता दोन्ही टर्मिनलांना जाता येतं. दक्षिण मुंबईतून टॅक्सीने संध्याकाळी दीड तास लागायचा तिथे कफ परेडपासूनही हा प्रवास तासाच्या आत होतो.

बोरिवली-दहिसरकडून येणाऱ्यांनी मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून पादचारी पुलाने मेट्रो १ चं पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानक, मग मरोळ नाका आणि मेट्रो ३. दोनदा बदल होतो, पण वेळ पक्की असते. मेट्रो ७ थेट टी२ पर्यंत आणणारी ७अ बांधली जाते आहे. ती झाली की हा वळसा जाईल.

तिकिटासाठी फोनवर आधीच क्यूआर काढून ठेवा, "मुंबई वन" ॲपमध्ये मेट्रो, लोकल, बस सगळं एकत्र मिळतं. भुयारात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

एक महत्त्वाचं: मेट्रो ३ सकाळी सहाच्या आसपास सुरू होते आणि शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाला सुटतात. पहाटेच्या विमानांना मेट्रो उपयोगी नाही. भावाला परत कल्याणला जायचं असेल तर त्याने टी२ वरून दहाच्या आत निघावं. नाहीतर टॅक्सीने घाटकोपर गाठून रात्रीची उशिराची लोकल. शेवटच्या कर्जत-कसारा गाड्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सीएसएमटीहून निघतात. ती चुकली तर पहाटे चारपर्यंत काही नाही.

---

जुहू_ते_सहार

वैनगंगा, तुमच्या पहिल्या प्रश्नातलं "हाकेच्या अंतरावर, मग अर्धा तास का" आणि तिसरा प्रश्न, दोन्हींचं उत्तर एकच आहे: मध्ये धावपट्टी आहे.

कागदावर एक आडवी रेघ काढा, पूर्व-पश्चिम. ही मुख्य धावपट्टी ०९/२७, सुमारे ३.४ किमी. तिच्या पश्चिम टोकाला विलेपार्ले-सांताक्रूझ, पूर्व टोकाला कुर्ल्याची बाजू. आता वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी दुसरी तिरकी रेघ काढा, पहिलीला छेदणारी. ही १४/३२, सुमारे २.९ किमी. आडव्या रेघेच्या वर तिरक्या रेघेने दोन कप्पे तयार झाले. डावीकडच्या, पश्चिमेच्या कप्प्यात टी१. उजवीकडच्या, पूर्वेच्या कप्प्यात टी२. दोन्हींच्या मधून १४/३२ जाते. म्हणून आतून सरळ रस्ता नाही. गाडीला टी१ मधून बाहेर पडून पश्चिम द्रुतगती महामार्गावर यावं लागतं, उत्तरेला धावपट्टीचं टोक ओलांडून मग सहारकडे वळावं लागतं. चार-पाच किलोमीटरचा वळसा, आणि तो मुंबईच्या सर्वात भरलेल्या महामार्गावरून. रात्री साडेनऊलाही वीस ते चाळीस मिनिटं सहज जातात.

महामार्गावरून टी२ ला जायला सुमारे दोन किमीचा सहार उन्नत मार्ग आहे, फेब्रुवारी २०१४ मध्ये टी२ सोबतच खुला झाला. रिक्षा त्यावरून जात नाहीत. त्यांना खालच्या सहार रोडचे सिग्नल घेत यावं लागतं. रिक्षाने निघालात तर दहा-पंधरा मिनिटं वाढवून धरा.

आता बाबांची दोन नावं. विमानतळ एकच, धावपट्ट्याही त्याच, पण दरवाजे दोन आणि त्यांची नावंही दोन होती. बाबा चुकत नाहीत.

मुंबईचं विमानांचं पहिलं ठिकाण जुहू. १९२८ मध्ये सुरू झालेलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच. पण जुहूची जमीन सखल, पावसात चिखल व्हायचा, आणि पट्टी आखूड. तिथून दोन-तीन किलोमीटरवर सांताक्रूझला रॉयल एअर फोर्सचा मोठा तळ होता, दुसऱ्या महायुद्धात तो गजबजलेला असे. युद्ध संपल्यावर तो नागरी विमान खात्याकडे आला आणि हवाई दलाच्या रिकाम्या हँगरांमध्येच टर्मिनल थाटलं गेलं: एक हँगर देशांतर्गत प्रवाशांना, दुसरा परदेशी प्रवाशांना. हा भाग मुख्य धावपट्टीच्या दक्षिणेला, कलिन्याकडे. त्याला आजही "ओल्ड एअरपोर्ट" म्हणतात. विमानदुरुस्तीचे हँगर आणि खासगी विमानांची ये-जा तिकडे असते. बातम्यांमध्ये येणारं "कलिना गेट नंबर ८" तेच.

१९५८ मध्ये धावपट्टीच्या उत्तरेला नवं टर्मिनल झालं. शेजारच्या उपनगरावरून त्याचं नाव सांताक्रूझ. देशी-विदेशी सगळी विमानं तिथूनच. १९७१ मध्ये एअर इंडियाची जम्बो विमानं आली आणि एकेका उड्डाणाला साडेतीनशे-चारशे माणसं एकदम उतरायला लागली. इमारत पुरेनाशी झाली. त्यात सप्टेंबर १९७९ मध्ये टर्मिनलला आग लागली. तिरक्या धावपट्टीच्या पलीकडे सहार गावाच्या हद्दीत आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभं राहिलं ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथून पुढे परदेशी जायचं तर "सहार" आणि देशात जायचं तर "सांताक्रूझ", असं टॅक्सीवाल्याला सांगायचं. त्या पिढीला ते अजून सोपं वाटतं, आणि खरं म्हणजे नकाशाला धरून आहे.

१९९९ मध्ये दोन्ही मिळून छत्रपती शिवाजी आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यात "महाराज" आलं. २००६ मध्ये विमानतळ खासगी-सरकारी भागीदारीत गेला, ७४ टक्के खासगी गट आणि २६ टक्के विमानतळ प्राधिकरण. जीव्हीके आणि तिच्या भागीदारांकडे असलेला तो खासगी वाटा २०२१ मध्ये अदानी समूहाकडे आला.

आजचं टी२ म्हणजे जुन्या सहार टर्मिनलच्याच जागेवर उभं केलेलं टर्मिनल. जुनं पाडून नवं बांधायला दुसरी जागाच नव्हती आणि विमानं एक दिवसही थांबवता येत नव्हती. म्हणून आराखडा फुलीच्या आकाराचा केला: मध्ये एक मोठं डोकं आणि त्यातून फुटलेले हात. एकेक भाग बांधायचा, तिथली वाहतूक त्यात हलवायची, जुना भाग पाडायचा, मग पुढचा हात. एवढं अवघड काम चालू विमानतळावर पार पडलं याचं श्रेय फार कमी दिलं जातं. छताला खालून आधार देणारे खांब फक्त ३० आहेत, कमळाच्या देठासारखे वर फुलत गेलेले. चेक-इनच्या मजल्यावर उभं राहून वर बघितलं की त्यांच्या मधल्या जाळीतून प्रकाश खाली झिरपताना दिसतो. बाबांना तेवढं बघायला सांगा.

मजले लक्षात ठेवायला सोपे: गाडी सोडते ती सर्वात वर, चौथ्या पातळीवर. चेक-इन आणि आंतरराष्ट्रीय प्रस्थान तिथेच. देशांतर्गत प्रस्थान तिसऱ्यावर, आगमन दुसऱ्यावर, खाली जमिनीला टॅक्सी-बस. टी२ मध्ये देशांतर्गत विमानंही येतात, हे विसरू नका. "टी१ देशी, टी२ परदेशी" हा जुना हिशेब आता चालत नाही. एकाच कंपनीची सकाळची दिल्ली टी१ वरून आणि दुपारची टी२ वरून असू शकते. टी१ पाडून नव्याने बांधायची योजना जाहीर झालेली आहे, त्यामुळे ही वाटणी पुढेही हलत राहील. तिकिटावर टर्मिनल बघायचं, आणि आदल्या दिवशी परत बघायचं.

---

शून्यनऊ_सत्तावीस

चौथ्या प्रश्नासाठी वरचंच चित्र वापरा. जुहू_ते_सहार यांनी फार नीट काढलं आहे.

दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान उतरत असताना दुसरीवर उडू देणं म्हणजे चौकात दोन्ही बाजूंचा हिरवा दिवा लावणं. म्हणून प्रत्यक्षात एका वेळी एकच वापरतात, बहुतेक वेळ ०९/२७. दिल्ली-बंगळुरूला समांतर धावपट्ट्या आहेत, एकीवर उतरणं आणि दुसरीवर उडणं सोबत चालतं. मुंबईत ते अशक्य. ११ नोव्हेंबर २०२३ ला एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली. चोवीस तासांवर पसरून भागा: सरासरी ८४ सेकंदांना एक विमान, तेही एका पट्टीवर. २०२३-२४ या वर्षात सुमारे ५.२८ कोटी प्रवासी इथून गेले.

एवढ्या घट्ट वेळापत्रकात सैलपणा उरत नाही. उतरलेल्या विमानाने वेगात पट्टी सोडावी म्हणून तिरके बाहेर पडणारे टॅक्सीवे (पट्टीला जोडलेले रस्ते) केलेले आहेत. एखादा वैमानिक तो चुकवून पुढच्या वळणापर्यंत गेला तरी मागच्याला परत वर जावं लागू शकतं. वर गेलेलं विमान रांगेत शेवटी येतं, आणि रांग मागे सरकते. त्या मागच्या विमानांना रडारवरून घिरट्यांत थांबवून ठेवतात. तुम्ही खिडकीतून बघता ते हेच.

बहुतेक वेळ विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून २७ ला (म्हणजे मुख्य पट्टीच्या पूर्व टोकाने) उतरतात आणि पश्चिमेला समुद्राकडे उडतात, कारण वारा पश्चिमेचा असतो. वारा फिरला की ०९ ला, म्हणजे पश्चिम टोकाने. ही दिशा बदलण्याची वेळ सर्वात नाजूक. आकाशात रांगेत असलेल्या सगळ्यांना उलट बाजूला वळवावं लागतं, आणि दहा-पंधरा मिनिटं पट्टी जवळपास रिकामी जाते. आग्नेयेला तुर्भ्याची, म्हणजे ट्रॉम्बेची टेकडी असल्याने तिरकी पट्टी मुख्य पट्टीइतकी सोयीची नाही. पर्याय म्हणून ती लागतेच. १ जुलै २०१९ ला मुसळधार पावसात एक विमान मुख्य पट्टीच्या टोकावरून घसरून चिखलात रुतलं. ते ओढून काढून पट्टी पुन्हा सुरू व्हायला तीन दिवसांहून अधिक लागले, तोवर सगळा भार १४/३२ वर होता आणि शेकडो उड्डाणं रद्द झाली.

पाणी हा इथला दुसरा विषय. मिठी नदी धावपट्टीच्या खालून जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला. नदीला जायला जागा उरली नाही, विमानतळ पाण्याखाली गेला आणि एक दिवसाहून अधिक बंद राहिला.

म्हणूनच दर वर्षी पावसाआधी, बहुधा मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, दोन्ही धावपट्ट्या एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पूर्ण बंद ठेवतात. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. टायरचं रबर उतरताना पट्टीवर चिकटतं आणि ओल्या पट्टीवर ब्रेक लागेनासा होतो. ते खरवडून काढतात, कडेचे दिवे आणि पाण्याचे निचरे तपासतात, खड्डे भरतात. तारीख कित्येक महिने आधी जाहीर होते, कंपन्या त्या वेळेत उड्डाणं ठेवतच नाहीत. त्या दिवशी पाचनंतरच्या विमानांना मात्र उशीर ठरलेला. आई-बाबांची तारीख त्या दिवसाची आहे का, एवढं बघून घ्या.

(जुहूची पट्टी अजून आहे, हेलिकॉप्टरांसाठी. मुख्य पट्टीच्या पश्चिमेला, जवळपास त्याच दिशेची, पण लांबी जेमतेम १,१०० मीटर. १९७२ मध्ये जपानहून निघालेलं एक डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून तिथे उतरलं आणि पट्टी ओलांडून गेलं. दोन समान दिशांच्या पट्ट्या इतक्या जवळ असणं किती धोक्याचं, ते तेव्हा कळलं.)

---

वैनगंगा

खूप खूप आभार, इतकं तपशीलवार कोणी सांगितलं नव्हतं. भावाला टी१ लाच बोलावते. राहिलेले तीन प्रश्न: साडेनऊ-दहाला टी२ ला पोचले तर आत सोडतील का? आणि भाऊ आत जाऊ शकतो का? काही जण म्हणतात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, तिकिटात ते तर नसेल ना?

---

सामानसुमान

भाऊ आत जाऊ शकणार नाही. दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र दोन्ही बघतो, आंतरराष्ट्रीयला पासपोर्ट. निरोप बाहेरच घ्यायचा. डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारी सोय) सध्या फक्त देशांतर्गत प्रवासाला आहे, म्हणजे नागपूरहून निघताना त्या विमानतळावर सोय असेल तर वापरता येईल, टी२ च्या आंतरराष्ट्रीय दारावर उपयोग नाही. तिकिटाची छापील प्रत दोघांच्या हातात वेगवेगळी द्या. एकाच फोनमध्ये दोघांची तिकिटं असली की दाराशी आणि इमिग्रेशनला, दोन्हीकडे अडतं.

आंतरराष्ट्रीय चेक-इन काउंटर बहुधा उड्डाणाच्या तीन-चार तास आधी उघडतात. २.४० च्या विमानाला रात्री पावणेअकरा ते पावणेबारा. दहाला पोचल्यास थोडं बसावं लागेल, आणि फार आधी गेलं तर दारावर थांबवूही शकतात. पण उघडताच रांगेत पहिलं असणं चांगलं. युरोप, अमेरिका, आखाताची बरीच विमानं मध्यरात्र ते पहाटे चारच्या दरम्यान निघतात, त्यामुळे इमिग्रेशनची गर्दी बारा ते दोन या वेळात सर्वात जास्त. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, त्यानंतर विनंती चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला बोलावतात आणि तिथे अर्धा तास जातो.

तारीख परत एकदा तपासा. पहाटे २.४० म्हणजे तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख असते. तिकिटावर १५ असेल तर नागपूरहून १४ ला संध्याकाळी निघायचं. १५ च्या रात्री टी२ ला पोचून विमान कालच गेल्याचं कळणारी माणसं दर आठवड्याला दिसतात.

---

भुयारी

नवी मुंबईचं: हो, उलव्याच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. त्याची खूण एनएमआय. तिकीट शोधताना नुसतं "मुंबई" टाकलं की काही ठिकाणी दोन्ही विमानतळ एका यादीत येतात आणि स्वस्तातलं वर दिसतं. तुमच्या दोन्ही तिकिटांवर बीओएम असल्याची खात्री करा. एकावर एनएमआय निघालं तर मधलं अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरचं आहे, रात्रीही दीड-दोन तास धरावे लागतील.

दक्षिण मुंबईतून तिकडे जायला शिवडीहून अटल सेतू (कारचा एकेरी टोल ₹२५०), रेल्वेने नेरूळ/बेलापूर–उरण मार्गावरचं तरघर स्थानक सर्वात जवळचं. पनवेल आणि पुण्याच्या लोकांना तो फार सोयीचा, कारण सायन-पनवेलची गर्दी टळते.

शेवटचं, नावातला गोंधळ. मेट्रो ३ वर "छत्रपती शिवाजी महाराज" नावाने सुरू होणारी तीन स्थानकं आहेत: टर्मिनस म्हणजे बोरीबंदरचं, आणि विमानतळाची टी१, टी२. टॅक्सीच्या ॲपमध्येही तसंच. भावाने "छत्रपती शिवाजी महाराज" टाकून पहिलाच पर्याय निवडला तर तो बोरीबंदरला पोचेल. "टी१ आगमन" असं पूर्ण टाइप करून मगच गाडी मागवायला सांगा.